एका अंशाचा शंभरावा भाग

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात बाहेर पडून पाहा. पारा बेचाळीस अंशांच्या पुढे गेलेला असतो. डांबर मऊ पडलेले असते आणि पत्र्याच्या छपराखाली बसवत नाही. अशा वेळी शेतातल्या जुन्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरा. (बरोबर पोहता येणारे मोठे माणूस हवेच!) दहा-बारा पायऱ्या उतरलात की अंगाला गारवा लागतो आणि पाण्यात पाय सोडला की शहारा येतो. आता हीच विहीर जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे पाहा. बाहेर हुडहुडी भरलेली असते, पण विहिरीचे पाणी कोमट लागते. कधी कधी त्यावर वाफही तरंगताना दिसते.

मग विहिरीचे पाणी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम होते काय? मुळीच नाही. तापमापी दोरीला बांधून खोल सोडलीत तर दिसेल की तळाजवळच्या पाण्याचे तापमान वर्षभर जवळजवळ तेच असते. बदलते ती बाहेरची हवा. उष्णता जमिनीतून फार सावकाश खाली उतरते. काही मीटर खोल जाईपर्यंत उन्हाळ्याचा ताप आणि हिवाळ्याची थंडी एकमेकांत मिसळून विरून जातात आणि उरते ती वर्षभराची सरासरी. विहिरीचा तळ आजची हवा सांगत नाही, तो सबंध वर्षाचा हिशेब सांगतो.

आता अशी एक विहीर डोळ्यांपुढे आणा की जिची खोली काही मीटर नसून जवळजवळ चार किलोमीटर आहे आणि जिच्या तळाशी वर्षांचा नव्हे, तर शतकांचा हिशेब लिहिलेला आहे. ही विहीर म्हणजे समुद्र. गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांना असे आढळले आहे की या हिशेबातले आकडे बदलत आहेत. बदल अगदी थोडा आहे. कुठे एका अंशाचा शंभरावा भाग, कुठे दोन-तीन शंभरांश. एवढ्याशा बदलासाठी जहाजे घेऊन महिनोन्‌महिने समुद्रात का जायचे? या प्रश्नाचे उत्तर आपण शोधणार आहोत.

सोलापूरला समुद्राचे काय?

तुम्ही म्हणाल, सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर. कोकणचा किनारा सरळ रेषेत गेले तरी अडीचशे किलोमीटरांहून दूर. आमचा समुद्राशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो तुमच्या घरातल्या नळातून येतो. उजनीचे धरण भरते ते मुख्यतः पुण्याकडच्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने. हा पाऊस मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्रावरून आणलेल्या बाष्पाचा असतो. पाण्याची वाफ होताना मीठ मात्र मागे समुद्रातच राहते. घाटावर पडलेले गोडे पाणी भीमेला मिळते, उजनीत थांबते, पंढरपूरवरून पुढे जाते, कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात पोचते.

या प्रवासाचा परिणाम काय झाला पाहा. अरबी समुद्रातून गोडे पाणी उचलले गेले, म्हणून तो अधिक खारट झाला. बंगालच्या उपसागरात गोडे पाणी ओतले गेले, म्हणून तो कमी खारट झाला. अर्थात एकट्या भीमेने हे होत नाही. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी या साऱ्या नद्या आणि उपसागरावर पडणारा पाऊस मिळून हे काम करतात. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. या प्रमाणाला ‘क्षारता’ म्हणतात. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावर क्षारता ३६च्याही वर जाते, तर पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात ती ३०च्याही खाली उतरते. एकाच अक्षांशावरचे, भारताच्या दोन अंगांना असलेले हे दोन समुद्र, पण चवीला इतके वेगळे!

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. खुल्या समुद्रावर पर्जन्यमापक ठेवता येत नाही, पण समुद्राची क्षारताच पर्जन्यमापकाचे काम करते. बाष्पीभवन वाढले की क्षारता वाढते. पाऊस, नद्या किंवा वितळलेला बर्फ वाढला की ती घटते. १९५० ते २००० या काळातल्या मोजण्या तपासल्या तेव्हा असे दिसले की जिथे समुद्र आधीच खारट होता तिथे तो बहुतेक ठिकाणी अधिक खारट झाला आहे आणि जिथे तो कमी खारट होता तिथे आणखी कमी झाला आहे. म्हणजे पाण्याचे चक्रच अधिक जोराने फिरू लागले आहे.

तळाशी थंडी कुठून आली?

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. उंची १,६४६ मीटर. असे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी समुद्राच्या सरासरी खोलीत ते बुडून जातील, कारण ती सुमारे ३,७०० मीटर आहे. सूर्याचा प्रकाश मात्र जेमतेम दोनशे मीटरपर्यंत पोचतो. त्याखाली अंधार.

उन्हाळ्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग २९-३० अंश सेल्सिअस इतका उबदार असतो. हजार मीटर खाली गेलो की तापमान आठ-नऊ अंशांवर येते आणि तळाशी ते दोन अंशांच्याही खाली असते. उष्ण कटिबंधातल्या समुद्राच्या तळाशी फ्रिजमधल्याहून थंड पाणी! तिथे ना बर्फ, ना हिवाळा. मग ही थंडी आली कुठून?

ती अंटार्क्टिकाहून आली. तिथे हिवाळ्यात समुद्राचे पाणी गोठते. गोठताना बर्फात मीठ फारसे मावत नाही, ते बाहेर टाकले जाते. त्यामुळे बर्फाखालचे उरलेले पाणी अतिशय थंड तर असतेच, पण जास्त खारटही होते. थंड आणि खारट पाणी जड असते. ते खंडाच्या उतारावरून खाली घसरते, तळ गाठते आणि तळावरूनच उत्तरेकडे पसरत जाते. हिंदी महासागराला उत्तरेकडे आशिया खंडाने दार लावून टाकले आहे. म्हणून अरबी समुद्राच्या आणि बंगालच्या उपसागराच्या तळाशी थंड पाणी यायचे तर ते दक्षिणेकडूनच यावे लागते. वाटेत पाण्याखालच्या डोंगररांगा आडव्या येतात आणि त्यांच्या खिंडींतून वाट काढत ते पुढे सरकते.

इथे पुस्तकातला एक नियम जरा जपून वापरायला हवा. शुद्ध पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते, हे तुम्ही शिकला आहात. समुद्राच्या नेहमीच्या क्षारतेच्या पाण्याला हा नियम लागू पडत नाही. ते गोठेपर्यंत, म्हणजे उणे १.९ अंशांपर्यंत, थंड होईल तसतसे जडच होत जाते. म्हणूनच समुद्राचा तळ ४ अंशांपेक्षाही थंड असू शकतो.

विहीर आणि समुद्र यांतला फरकही आता स्पष्ट होईल. विहिरीभोवतालच्या जमिनीत उष्णता कणाकणाने झिरपते. खोल समुद्रात मात्र पाणी स्वतःच प्रवास करून येते आणि येताना पृष्ठभागावरचे तापमान आणि क्षारता बरोबर घेऊन येते. हा प्रवास शेकडो वर्षांचा असतो. उत्तर पॅसिफिकमधल्या खोल पाण्याला पृष्ठभाग सोडून हजारेक वर्षे झाली आहेत. बाराव्या शतकात सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदवला, त्या सुमारास सूर्याचे शेवटचे दर्शन घेतलेले पाणी आजही तिथे अंधारात आहे!

करून पाहा

काचेची एक मोठी बरणी नळाच्या साध्या पाण्याने भरा आणि पाणी स्थिर होऊ द्या. एका पेल्यात फ्रिजमधले थंड पाणी घ्या. त्यात दोन चमचे मीठ विरघळवा आणि निळ्या शाईचे काही थेंब टाका. हे पाणी बरणीच्या काठावरून अगदी हळू ओता. निळे पाणी काचेला धरून खाली घसरेल आणि तळाशी पसरेल. अंटार्क्टिकाच्या उतारावर असेच घडते.

दुसऱ्या बरणीत लाल शाई टाकलेले, मीठ नसलेले गरम पाणी चमच्यावरून अलगद सोडा. ते वरच राहील.

आता खरा प्रश्न. गरम पण खारट पाणी ओतले तर? आधी चिमूटभर मीठ घालून पाहा, मग दोन चमचे घालून पाहा. दोन्ही वेळी उत्तर वेगळे येईल. का, ते वहीत लिहा. पाणी वर राहील की बुडेल हे तापमान आणि क्षारता दोघे मिळून ठरवतात, म्हणून समुद्रशास्त्रज्ञ यांपैकी एकच कधी मोजत नाहीत.

मोजणीची दीडशे वर्षे

सोलापूरजवळचा एकरुख तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१च्या सुमारास बांधून झाला. त्यानंतर लवकरच, डिसेंबर १८७२ मध्ये, ‘चॅलेंजर’ नावाचे जहाज इंग्लंडहून निघाले. १८७६च्या मे महिन्यापर्यंत ते जगभर फिरले आणि शेकडो ठिकाणी थांबून दोरीने तापमापी खोल सोडत गेले. अरबी समुद्रात ते आले नाही, पण हिंदी महासागराच्या दक्षिण भागातून गेले. खोल पाण्याच्या तापमानाची पृथ्वीव्यापी पहिली नोंदवही ही.

काम सोपे नव्हते. चार हजार मीटर खोलीवर दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चारशे पट असतो. तो काच दाबतो आणि पारा खोटा चढतो. त्यासाठी तापमापीच्या फुग्यावर दुसरे संरक्षक आवरण घातलेले होते, तरीही थोडी चूक उरतच असे. पुढे उलटणारी तापमापी वापरात आली. ती हव्या त्या खोलीवर उलटी केली की पाऱ्याचा धागा तुटतो आणि त्या क्षणाचे तापमान तसेच पकडून ठेवतो.

क्षारतेची गोष्टही मनोरंजक आहे. चॅलेंजरने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने पृथक्करण केले. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाने हे पक्के झाले की समुद्र कुठलाही असो, क्षारांचे परस्परांतले प्रमाण जवळजवळ सारखेच असते. म्हणजे एक क्लोराइड मोजले की बाकीचे गणिताने काढता येते. क्लोराइड मोजायला तुमच्या प्रयोगशाळेतले सिल्व्हर नायट्रेट पुरते. पांढरा साका तुम्ही पाहिलाच असेल. कित्येक दशके जगातल्या समुद्राची क्षारता अशीच मोजली गेली. आज ती पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढतात. जहाजावरून तारेने सोडलेले उपकरण तळापर्यंत जाताना सतत तापमान, वाहकता आणि दाब नोंदवत जाते. तापमानात अंशाच्या एक-दोन हजारांश इतकाच फरक त्याला कळतो.

आपल्याकडे या कामाला जोर आला तो १९६०च्या दशकात. त्या दशकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. निरनिराळ्या देशांच्या चाळीसहून अधिक जहाजांनी तीत भाग घेतला आणि भारतीय नौदलाची ‘किस्त्ना’ही त्यांत होती. हवामानाच्या अभ्यासासाठी मुंबईला कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले गेले. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्यात दोना पावल येथे समुद्राकाठच्या टेकडीवर ती आहे. शाळेची सहल गोव्याला गेली तर तिथे पाटी शोधायला विसरू नका. ‘गवेषणी’ ही संस्थेची संशोधन नौका १९७६ मध्ये कामाला लागली, १९८३ मध्ये ‘सागर कन्या’ देशात आली आणि २०१४ मध्ये संस्थेला ‘सिंधु साधना’ मिळाली. पहिल्या मोहिमेला पन्नास वर्षे झाल्यावर, डिसेंबर २०१५ मध्ये, दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेचा प्रारंभही गोव्यातच झाला.

जहाजे मात्र थोडी आणि समुद्र अफाट. म्हणून २००० सालाच्या सुमारास ‘आर्गो’ नावाची योजना सुरू झाली. माणसाएवढ्या उंचीची नळकांडी समुद्रात सोडली जातात. नळकांडे हजार मीटर खोल जाऊन साधारण नऊ दिवस वाहत राहते, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येता येता तापमान व क्षारता मोजते. वर आल्यावर उपग्रहाला सगळे सांगते आणि पुन्हा बुडी मारते. त्याला इंजिन नाही. आतले तेल पंपाने बाहेरच्या पिशवीत ढकलले की त्याचे आकारमान वाढते, पण वजन तेच राहते. आर्किमिडीजचा सिद्धांत आठवा! जगभर सुमारे चार हजार नळकांडी अशी काम करत आली आहेत. भारताची नळकांडी आणि त्यांची माहिती सांभाळणारी संस्था हैदराबादला आहे. सोलापूरहून रेल्वेने गेलात तर अरबी समुद्राची रोजची खबर ठेवणारे हे ठिकाण समुद्रकिनाऱ्याइतकेही दूर नाही असे वाटेल. आता सहा हजार मीटरपर्यंत जाणारी नळकांडीही तयार झाली आहेत.

नोंदवहीत काय आढळले?

चॅलेंजरच्या जुन्या नोंदी आणि आर्गोच्या नव्या नोंदी २०१२ मध्ये शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या. समुद्राचा वरचा सातशे मीटरांचा थर १८७०च्या दशकापासून सरासरी अंशाच्या एक तृतीयांशाने तापल्याचे दिसले. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला. त्यामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते आहे तिचा सुमारे नव्वद टक्के भाग समुद्र पोटात घेतो. आपला हिंदी महासागर यात मागे नाही. १९५१ ते २०१५ या काळात त्याच्या उष्ण कटिबंधातल्या भागाच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे एका अंशाने वाढले.

पण तळाचे काय? १९९०च्या दशकापासून काही ठरावीक रेषांवरून जहाजे साधारण दर दहा वर्षांनी जातात आणि त्याच त्या जागी थांबून तळापर्यंत मोजणी करतात. अशीच एक रेषा अंटार्क्टिकाजवळून निघून हिंदी महासागर ओलांडत बंगालच्या उपसागराकडे येते. त्यांतून कळले ते असे. अंटार्क्टिकाभोवतालच्या समुद्रात चार हजार मीटरच्या खालचे पाणी दर दहा वर्षांना सुमारे ०.०३ अंशाने तापते आहे. शिवाय दक्षिण हिंदी महासागराच्या तळाचे पाणी कमी खारट होत आहे, आणि २००७ ते २०१६ या काळात ते आधीच्या दशकापेक्षा जास्त वेगाने कमी खारट झाले.

कमी खारट का? कारण त्याच्या उगमाशी गोडे पाणी वाढले. अंटार्क्टिकाचा जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात मिसळतो. रॉस समुद्रात १९५८पासूनच्या पन्नास वर्षांत क्षारता दर दशकाला सुमारे ०.०३ने घटल्याची नोंद आहे. पुढे २०१४नंतर काही वर्षे तिथली क्षारता पुन्हा वाढलेली दिसली. निसर्गाचा आलेख शाळेच्या वहीतल्या पट्टीने ओढलेल्या रेषेसारखा नसतो, तो वरखाली होतच पुढे जातो. म्हणूनच पाच वर्षांची मोजणी पुरत नाही, पन्नास वर्षांची लागते. आणि तुमच्या प्रयोगावरून पुढचा धोका तुम्हीच ओळखाल. पाण्यातले मीठ कमी झाले तर ते तितक्या सहज बुडणार नाही. तळाकडे जाणारा थंड पाण्याचा पुरवठाच मंदावेल.

आता एक चकित करणारी गोष्ट. जेक गेबी आणि पीटर ह्युबर्स या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवले की पॅसिफिकमध्ये सुमारे दोन किलोमीटर खोलीवर विसाव्या शतकात पाणी किंचित थंड झाले आहे. फरक शंभरांशांचाच. जग तापत असताना हे पाणी थंड कसे? तर त्याच्या वयामुळे! सोळाव्या ते अठराव्या शतकांत पृथ्वीच्या पुष्कळ भागांत हवा नेहमीपेक्षा थंड होती. त्या काळाला ‘छोटे हिमयुग’ म्हणतात. आपल्याकडे तो शिवकाळ आणि पेशवाईचा काळ. तेव्हा बुडालेले गार पाणी आता कुठे तिथे पोचते आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या थंडीचे पत्र खोल समुद्राला आज मिळते आहे.

शंभरांशाचे वजन

तरीही तुमच्या मनात शंका असेल की अंशाच्या शंभराव्या भागाने असे काय होते? चला, गणित करू.

समुद्रातल्या सर्व पाण्याचे वस्तुमान हे पृथ्वीवरच्या सर्व हवेच्या वस्तुमानाच्या सुमारे २७० पट आहे. एक किलोग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक किलोग्रॅम हवेच्या सुमारे ४ पट उष्णता लागते.

२७० × ४ = १,०८०

म्हणजे समुद्र एका अंशाने तापवायला हवेच्या सुमारे हजारपट उष्णता लागते. हेच उलट वाचा. सगळा समुद्र फक्त ०.०१ अंशाने तापला तर त्यात जी उष्णता मुरते, तिने पृथ्वीवरची सगळी हवा सुमारे दहा अंशांनी तापली असती! समुद्राचे निम्मे पाणी दोन हजार मीटरच्या खाली आहे. केवळ तेवढेच शंभरांशाने तापले, तरी हवेच्या हिशेबात ते पाच अंश झाले.

सोलापूरच्या मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत पाच मिळवून पाहा. अर्थात ही उष्णता एकदम उसळून बाहेर येणार आहे असे मात्र समजू नका. ती खोल पाण्यात पसरलेली आहे आणि तिथेच दीर्घकाळ राहील. गणिताचा मुद्दा वेगळा आहे. आपल्या हवेचा ताप समुद्राने किती मोठ्या प्रमाणात झेलला आहे, हे त्यावरून कळते.

झेलणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते. तापलेले पाणी प्रसरण पावते. समुद्राची पातळी वाढण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि मुंबईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्याला त्याची झळ बसते. पृष्ठभाग तापला की मोसमी वाऱ्यांचे गणितही हलते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे की समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरक मोसमी वाऱ्यांना ओढून आणतो, आणि हिंदी महासागर तापत गेल्याने हा फरक कमी होत गेला. यंदा मंगळवेढ्याच्या ज्वारीला पाऊस पुरेल की नाही हे चार किलोमीटर खोलचे पाणी ठरवत नाही. ते वरच्या थरावर आणि वाऱ्यांवर अवलंबून असते. पण वरचा थर पुढच्या शतकांत कसा वागेल, हे खालचे पाणी ठरवणार आहे. आज आपण हवेत धूर सोडणे थांबवले तरी तळाकडे निघालेली ऊब वाटेतून परत फिरणार नाही. आपल्या काळाचेही पत्र पाण्यात पडले आहे. त्यात आणखी किती मजकूर घालायचा, एवढेच आपल्या हातात आहे.

तुमची नोंदवही

१८७०च्या दशकात चॅलेंजरवर थंडीवाऱ्यात उभे राहून दोरी ओढणाऱ्या खलाशांना हवामानबदलाची कल्पनाही नव्हती. दीडशे वर्षांनंतर आपले आकडे कोण वाचील हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी त्यांनी जागा, खोली, तारीख आणि तापमान प्रामाणिकपणे लिहून ठेवले, म्हणून आज तुलना करता आली. न घेतलेली नोंद मागाहून कोणालाही घेता येत नाही.

समुद्र दूर असला तरी विहीर जवळ आहे. शिक्षकांच्या मदतीने एक लहान काम हाती घ्या. गावातली बारमाही पाण्याची एक विहीर निवडा. एका बाटलीला दगड बांधा आणि तिच्या बुचाला वेगळी दोरी लावा. बाटली तळाजवळ गेल्यावर बूच ओढून काढा, पाणी भरू द्या, लगेच वर घ्या आणि तापमान मोजा. पृष्ठभागाजवळच्या पाण्याचे आणि हवेचेही तापमान मोजा. एक बादली पाणी भरून त्यात अंडे सोडून पाहिले तर विहिरीच्या पाण्यात ते बुडेलच, पण किती मीठ घातल्यावर तरंगते हे दर वेळी मोजून लिहिता येईल. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच वेळी, त्याच जागी, त्याच तापमापीने. तापमापी बदलावी लागली तर जुनी आणि नवी शेजारी ठेवून दोघींतला फरक आधी टिपून ठेवा. चुकलेला आकडा खोडून टाकू नका, त्यावर एक रेघ मारा आणि शेजारी बरोबर आकडा लिहा.

दहावी झाली की ही वही घरी नेऊ नका. नववीच्या मुलांच्या हाती द्या. पहिल्या वर्षी तिच्यात फार काही दिसणार नाही. वीस वर्षांनी त्या शाळेत शिकणाऱ्या एखाद्या मुलीला मात्र तिच्यात काहीतरी दिसेल, आणि पहिल्या पानावर तुमचे अक्षर असेल.